जपानी झाडाची खुशाली

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी १९३४

चि. चनबसप्पा यास गिरिजाक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत, तूही कोबेत बरा असशील असं धरून चालते. गड्ड्याची यात्रा पार पडली. अव्वाचे गुडघे थंडीनं धरलेत, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. सुताचं दुकान सिद्रामप्पाकाका बघतात.

लिहायला बसले ती एका कारणासाठी. तुझं झाड चिरलं.

कुठलं झाड म्हणून विचारू नकोस. आगबोटीतून टोपलीत घालून आणलंस, सुंदराच्या हातात ठेवलंस आणि "मी परत येईपर्यंत सांभाळ" म्हणून निघून गेलास, ते. त्याचं जपानी नाव माझ्या तोंडात बसत नाही. इंग्रजीत जुनिपर म्हणतात एवढं लक्षात आहे. अव्वा त्याला खुजं म्हणते. वीतभर उंचीचं, पसरट ताटलीत उभं, आणि वय म्हणे तुझ्यामाझ्याहून जास्त. चार उन्हाळे सुंदरानं ते ओसरीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात गोणपाटाच्या पडद्याआड जगवलं.

झालं असं. फांद्यांना वळण यावं म्हणून तू गुंडाळलेली तांब्याची तार सुंदरा दरवर्षी तुझ्या सांगण्याप्रमाणे सोडते आणि पुन्हा गुंडाळते. अव्वाच्या मनात बरेच दिवस होतं की त्या बेड्या आहेत. घरात बेड्या घातलेलं, वाढ खुंटलेलं झाड ठेवलं तर सुनेचा पाळणा हलणार कसा! आता नवरा समुद्रापलीकडे आणि दोष तारेला. मी म्हटलं, "अव्वा, पाळणा तारेनं अडलाय व्हय?" तर म्हणाली, "तू गप की. तुला काय कळतंय?"

गेल्या सोमवारी पूजा आटोपली, सुंदरा विहिरीवर गेली होती, तेवढ्यात अव्वानं पक्कड घेतली. तार सुटेना, तेव्हा दिला हिसडा. खोडाला जिथे दोन फाटे फुटतात तिथून ते खाली मातीपर्यंत उभं चिरलं. मला स्वैपाकघरात आवाज आला.

सुंदरा आली. घागर खाली ठेवली, ओल्या हातांनी खोडाच्या दोन्ही बाजू धरून दाबल्या आणि तशीच बसून राहिली. अव्वा बडबडत होती, देवाची शपथ घेत होती, तिकडे हिनं मान वर केली नाही. मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून आणली तेव्हा कुठे हात सोडले. मग अव्वानंच चिरेत विभूती भरली. आधी मोडायचं आणि मग विभूती लावायची, अशी आपली आई.

आता पुढे काय करायचं ते टपालानं ताबडतोब कळव.

आणखी एक. संक्रांतीला सुंदराचा भाऊ तिप्पण्णा अक्कलकोटहून येऊन गेला. "दाजी तिला तिकडं नेणार कवा?" म्हणून विचारत होता. मी म्हटलं, विचारून सांगते. आता विचारलं असं समज.

तुझी,
गिरिजाक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ६ मे १९३४

चि. चनबसप्पा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, बरोबरचा फोटोही पोचला. पत्र चार पानी आहे. इतकं लांब पत्र तू या घराला आजवर लिहिलं नव्हतंस, त्यामुळे अव्वाला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. मी म्हटलं, नाही, सगळं झाडाचंच आहे.

तू लिहिल्याप्रमाणे केलं. विभूती खरवडून काढली, चीर ओल्या फडक्यानं पुसली. इतके दिवस गेल्यावर लाकूड जुळणार नाही, फक्त आणखी फाटू नये एवढंच बघायचं, हेही समजलं. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी आणली, ती सालीवर ठेवून वर सुतळी बांधली. सुतळीत काडी अडकवून रोज थोडा थोडा पीळ द्यायचा, एकदम जोर लावायचा नाही. मी खोड धरायचं आणि सुंदरानं पीळ द्यायचा, अशी आमची वाटणी. चीर बरीचशी मिटली तेव्हा मेण आणि गोडं तेल कढवून कडांना लिंपलं. त्याच्या वासानं मुंग्या आल्या, त्यांना हळदीची रेघ मारली. हळदीबद्दल तू काही लिहिलं नव्हतंस, चालत नसेल तर कळव.

ऊन असं आहे की दुपारी ओसरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. गोणपाट दिवसभर ओलं ठेवावं लागतं. मुळाशी पाणी कमी आणि पाल्यावर शिंपण जास्त, हे सुंदराला आधीच माहीत होतं. ती म्हणाली, "हे त्येंनी नव्यानं का लिहिलंय?"

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला माहीत नव्हती. हे झाड मेलं तरी कितीतरी महिने हिरवंच दिसतं, म्हणून रंगावर जाऊ नका, नवा कोंब फुटला तरच ते जिवंत समजा. मी हे मोठ्यानं वाचलं. सुंदरा पीळ देत होती. म्हणाली, "म्हंजे आत्ता मेलेलं आसंल तरी कळायचं न्हाई?" मी म्हटलं, नाही कळायचं. "बरं," म्हणाली, आणि त्या दिवशीचा पीळ पुरा केला.

तिप्पण्णाच्या प्रश्नाचं उत्तर चार पानांत मला सापडलं नाही. राहून गेलं असेल.

फोटो चांगला निघाला आहे. कसं धरायचं आणि कसं बांधायचं ते स्पष्ट दिसतं. बांधणारे हात तुझे, अंगठ्याजवळच्या भाजल्याच्या डागावरून ओळखले. धरणारे हातही चांगले घट्ट आहेत. सरावाचे दिसतात. सुंदरा बराच वेळ फोटो बघत होती. अव्वाला अजून दाखवला नाही, तिला हल्ली बारीक दिसत नाही.

तुझी,
गिरिजाक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २० ऑगस्ट १९३४

चि. चनबसप्पास आशीर्वाद.

आज श्रावणी सोमवार. घरात उपवास आहे, मला भूक नाही, तेव्हा लिहायला वेळ आहे.

मे महिन्यात फोटोबद्दल मी जे लिहिलं नाही ते तू ओळखलंस की नाही कोण जाणे. तुझ्या उत्तरात "पावसाळ्यात खत घालू नका" एवढंच आहे. तर आता सरळ लिहिते.

खोड धरणारे हात बाईचे आहेत. तिकडच्या बायकांच्या झग्याची रुंद बाही दिसते. आणि मागे, कडेला, एक लहान मुलगी उभी आहे, दोनेक वर्षांची असेल. अर्धी फोटोत, अर्धी बाहेर. तू झाडाकडे बघत होतास बाबा, कोपऱ्यात काय आलंय ते तू पाहिलंच नाहीस. पाहिलं असतंस तर तेवढं कापून पाठवलं असतंस. सुंदरानं पहिल्याच दिवशी पाहिलं. मला दाखवलं नाही. मी माझं मी पाहिलं, आणि मीही तिला काही बोलले नाही. असे आम्ही दोघींनी आठवडेच्या आठवडे काढले, एकीनं खोड धरायचं आणि दुसरीनं पीळ द्यायचा.

मग एकदा अव्वानं हट्टच धरला, काकांचं भिंग आणवलं आणि फोटो पाहिला. तिचं लक्ष झाडाकडे नाही, बाईकडे नाही. मुलीच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी आहे ना, तिच्यावर भिंग थांबलं. "यव्वा! ही तर माझ्या चन्नूची डबी!" तुझ्या लहानपणची डबी, तू परत निघालास तेव्हा अव्वानं उजळून तुझ्या ट्रंकेत घातली होती, लेकरू होईल तेव्हा हीच बांध म्हणून. लेकरू म्हणजे सुंदराचं, असं आम्ही सगळे समजत होतो.

लिंग बांधायला तिथे जंगम कुठला मिळाला रे? का तूच बांधलंस? धर्म विसरला नाहीस, हे बरं केलंस.

अव्वाचा आनंद पोटात मावेना. साखर वाटायला निघाली होती, काकांनी अडवलं. आता तिनं ठरवलंय की मुलीला इकडं आणायचं. "लेकरू हितं वाढू दे. सुंदरा बघंल तिच्याकडं. तिला तरी दुसरं काय काम हाय?" हे ती सुंदरासमोर म्हणाली. सुंदरा डाळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठून अव्वाचं गुडघ्याचं तेल गरम करायला गेली. वेळ झाली होती तेलाची.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "बाई गं, माझ्यासमोर तरी रड." म्हणाली, "येत न्हाई वो अक्का. मी बगितलं करून." आणि मला तिचं पटलं, कारण माझंही तसंच झालं आहे. तुझा राग यायला पाहिजे, तू माझ्या कडेवर वाढलेला, तुझ्या थोबाडीत द्यावी असं वाटायला पाहिजे. काही वाटत नाही. पाय अवघडून बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालंय. मी फक्त कामं करते आणि तुला पत्र लिहिते.

आता नीट वाच. तिला तिकडे ने, नाहीतर तू इकडे ये. यातलं काही जमत नसेल तर सोडल्याचं दोन ओळींत लिहून दे. तिप्पण्णानं बार्शीचं एक स्थळ आणलं आहे. गुरुसिद्धप्पा म्हणून आहेत, धान्याची अडत आहे, बायको वारली, मूलबाळ नाही. आपल्यात उडकीला, बाईच्या दुसऱ्या लग्नाला, मनाई नाही, हे तुला ठाऊक आहे. सुंदरा चोवीस वर्षांची आहे. मला मी विचारलं, जाशील का? म्हणजे तिला विचारलं. बघ, काय लिहिते आहे. मी विधवा झाले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला म्हटलं नव्हतं. ते जाऊ दे. तिला विचारलं तर म्हणाली, "सोडलं तर जाईन. पळून जायची न्हाई."

तेव्हा सगळं तुझ्या दोन ओळींवर अडलं आहे.

झाडाची एक बाजू तपकिरी झाली, हात लावला की पाला गळतो. दुसऱ्या बाजूच्या टोकांना फिकट हिरवे कोंब आलेत. सुंदरानं मला हाताला धरून नेऊन दाखवले.

उत्तराची वाट बघते.

गिरिजाक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १६ डिसेंबर १९३४

चि. चनबसप्पास,

तुझं पत्र दिवाळीनंतर मिळालं. झाडाची हकीकत वाचून तुला समाधान वाटलं, असं लिहिलंस. मेलेली बाजू कापू नका, तिची साल सोलून पांढरं लाकूड तसंच राहू द्या, तिकडे त्यालाच शोभा मानतात. सुतळी आता सोडा, वेळेवर सोडली नाही तर जिवंत सालीत रुतते आणि चांगली बाजूही मरते. हे सगळं तू बारकाईनं लिहिलंस, आकृती काढून. आणि शेवटच्या पानावर, जागा उरली होती तिथं: "सुंदरा आहे तशी घरात राहू दे. तिला काही कमी पडू देऊ नका. अव्वालाही तिचा आधार आहे."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बाईचं नाव नाही, मुलीचं नाव नाही, हो नाही की ना नाही. झाडाची सुतळी वेळेवर सोडायची समज तुला आहे चन्नू. मला वाटलं होतं त्या समजेतली थोडी माणसासाठीही असेल.

मग मी फोटो घेतला आणि मठात गेले.

तिप्पण्णा बरोबर होता, पण बोलले मी. पंच बसले होते, स्वामी होते. फोटो हातोहात फिरला. स्वामींनी विचारलं, "हा हात तुमच्या भावाचाच कशावरून?" मी डाग सांगितला, दिवाळीत भुईनळा हातात फुटला होता तो. "आणि मूल त्याचंच कशावरून?" मी डबी सांगितली. डबीची कडी वाकडी का आहे तेही सांगितलं, दात येताना तू ती दिवसभर चावायचास. एक म्हातारे पंच हसले. माझ्याच भावाविरुद्ध मी तिथं बोलत होते आणि माझा आवाज बाजारात भाजीचा भाव विचारावा तसा सरळ होता. मलाच नवल वाटलं.

अव्वालाही बोलावलं होतं. येताना तिनं मला बजावलं होतं, "मी न्हाई म्हणीन. बगू तू काय करतीस." सून गेली तर आपलं करणार कोण, ही धास्ती तिला आहे, आणि ती खोटी नाही. स्वामींनी भिंग तिच्या हातात दिलं. "आजी, ही डबी ओळखता?" नाही म्हणाली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं. फोटोतला डाग काय, कुणाच्याही हाताला असतो. अव्वा भिंगातून बघत राहिली, बघत राहिली. डबी आपली नाही म्हणायचं तर नातही आपली नाही म्हणायला पाहिजे. तिला ते जमलं नाही. "माझ्या चन्नूचीच हाय," म्हणाली, "आणि ती नात माझी हाय." आणि रडायला लागली. त्या सगळ्या प्रकरणात रडलं असेल तर ते एवढंच माणूस.

पंचांनी सुंदराला सोडवलं. तुझ्या दोन ओळींची गरज लागली नाही.

उडकी गेल्या आठवड्यात झाली. तुला माहीत आहे, तिला मांडव नाही की वाजंत्री नाही, सवाष्णी पुढे येत नाहीत. नवी साडी नेसवायला कुणीतरी पाहिजे होतं. मी विधवा, मला कसली अडचण? मीच नेसवली. हिरवी, नारळी काठाची. निऱ्या माझ्याकडून वरखाली होत होत्या, इतक्या वर्षांत रंगीत साडी हातात धरली नव्हती. सुंदरा म्हणाली, "अक्का, सावकाश." गुरुसिद्धप्पा बाहेर उभे होते. पोक्त माणूस आहे, थोडे कानानं कमी आहेत. त्यांनी मला विचारलं, "त्यांना जेवणात काय आवडतं?" मला सांगता येईना. आठ वर्षं ती या घरात होती आणि मला एवढंही सांगता आलं नाही.

निघायच्या आधी तिनं झाडाची सुतळी सोडली. काडी काढली, ट्यूबची पट्टी काढली. खाली सालीवर बारीक वळ उठले होते, पण रुतलं नव्हतं. मेलेल्या बाजूची साल तिनं तुझं पत्र आलं तेव्हाच सोलली होती, ते लाकूड आता पांढरंफेक आहे, आणि त्याला चिकटूनच दुसरी बाजू हिरवी. चीर मिटलेली नाही. आत बोटाचं नख जाईल एवढी आहे.

मग तिनं ताटली उचलून ओसरीच्या कोपऱ्यात परत ठेवली आणि माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "घेऊन जा." ती म्हणाली, "नको. त्येंचं हाय." मी म्हटलं, "त्यानं आणलं. पाणी कुणी घातलं?" अव्वा आतून ओरडली, "घरातलं झाड हाय ते!" सुंदरानं बराच विचार केला. मग पदर खोचला, ताटली छातीशी धरली आणि म्हणाली, "त्येंचं म्हणून न्हाई. माजं म्हणून नेते." बार्शीच्या गाडीत ती सबंध वाट ते मांडीवर घेऊन बसली होती, असं तिप्पण्णा सांगत होता. डोळे पुसत होती, असंही म्हणाला. मला बरं वाटलं. तिला रडू आलं म्हणून बरं वाटलं.

अव्वा माझ्याशी बोलत नाही. गुडघ्याला तेल मी लावते, ती पाय पुढे करते, एवढंच. तिला तुझी मुलगी हवी आहे. तिच्या आईला विचारल्याशिवाय पाठवू नकोस. ते हातही कुणाचे तरी आहेत. मुलीला माझे आशीर्वाद सांग, तिचा यात काही दोष नाही. तिच्या डबीची कडी ढिली आहे, घसरून पडेल, सोनाराकडून आवळून घे.

ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट अजून टांगलेलं आहे. काल मी सवयीनं ते भिजवलं.

झाडाची खुशाली तू दर पत्रात विचारतोस, म्हणून शेवटची कळवते. झाड जगलं. ते आता इथे नाही.

सुंदराची अक्का,
गिरिजा